एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात?

प्रश्न : माझे पती ४९ वर्षांचे असून त्यांना बायपोलर विकार (कधी उन्माद, तर कधी नैराश्य आणणारा मानसिक आजार) आहे. तीन वर्षांपूर्वी उन्मादाच्या काळात रात्ररात्र जागून त्यांनी मुदत ठेवी मोडल्या, एका ओळखीच्या माणसाला धंद्यासाठी चार लाख रुपये दिले आणि अखेर त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. लक्ष्मी रोडवरील दुकानातील हिशेबनिसाची नोकरीही गेली. तेव्हापासून एटीएम कार्ड, पासबुके, गोळ्या असे सारे माझ्या ताब्यात आहे. गेले दीड वर्ष लिथियम या औषधावर ते स्थिर आहेत आणि डॉक्टरही समाधानी आहेत. मात्र आता ते स्वतःच्या घरात चहा करण्यापूर्वीसुद्धा मला विचारतात. गेल्या महिन्यात त्यांनी कार्ड परत मागितले आणि काही काम करावेसे वाटते, असेही सांगितले. मी काहीच उत्तर दिले नाही. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचे धैर्य होत नाही. काय करावे?
— एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील चार लाखांपेक्षा चहाचे वाक्य मला अधिक अस्वस्थ करून गेले. आजाराच्या ऐन भरात तुम्ही सर्व व्यवहार हाती घेतले, हे योग्यच होते. दाखल करण्याच्या आठवड्यात केलेली व्यवस्था दीड वर्षाच्या स्थैर्यानंतरही तशीच राहिली, याला मी दोष म्हणणार नाही, कारण ती केव्हा आणि कशी संपवायची हे बहुधा तुम्हांला कोणी सांगितलेच नसावे.

लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. सतत टीका करणाऱ्या घरांप्रमाणेच काळजीपोटी रुग्णात अति गुंतलेल्या घरांतही आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे त्या अभ्यासांच्या परंपरेतून दिसून आले. मूळ पाहणी स्किझोफ्रेनिया या वेगळ्या मानसिक आजाराची होती. टीका आणि तणाव अधिक असलेल्या घरांबाबत बायपोलर विकारातही पुढे तसेच निष्कर्ष निघाले. तुमच्यामुळे आजार उलटेल, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण पहारा म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण आपण समजतो तितके पक्के नाही.

आता कार्डाविषयी. ‘द्यावे की न द्यावे’ असा प्रश्न ठेवल्यास उत्तर मिळणार नाही, म्हणून त्याचे तुकडे करावेत. यजमानांच्या नावाने एक वेगळे बचत खाते ठेवा, त्यात दरमहा ठरलेली रक्कम भरा आणि कार्ड व मोबाइलवरचे व्यवहार त्याच खात्याशी जोडा. मोठी शिल्लक आणि ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाहीत, अशा पद्धतीच्या संयुक्त खात्यात असू द्या. अट एकच, हा निर्णय त्यांच्यासह बसून व्हावा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, त्याला दोन सह्यांचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. त्या छोट्या खात्याचा हिशेब मात्र रोज संध्याकाळी मागू नका. मंडईतून त्यांनी महाग वांगी आणली, तर ती केवळ महाग वांगी आहेत, लक्षण नव्हे.

मग लक्षण कोणते? बायपोलर विकारात झोप ही फार विश्वासार्ह खूण असते. सात तास झोपणारा माणूस सलग दोन-तीन रात्री चार तासांत उठतो आणि तरीही थकत नाही, बोलण्याचा वेग वाढतो, मोठ्या योजना सुचू लागतात, तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. गेल्या वेळी नेमके काय काय घडले होते, ते पतीनेच स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि त्या खुणा दिसल्यास कार्ड काही दिवस तुमच्याकडे द्यायचे, हेही त्याच कागदावर यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा आणि उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्यांना आहे. घरातला पैशांचा कागद हा त्याहून वेगळा, आपसातला करार. तो मोडला म्हणून कोर्टात जाता येणार नाही, पण त्यावर त्यांचे अक्षर असल्याने तुम्हांला पोलिसासारखे बोलावे लागणार नाही.

गोळ्यांची जबाबदारीही हळूहळू त्यांच्याकडे जावी. आठवड्याची डबी त्यांनी भरावी. लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडे यांच्या तपासण्यांच्या तारखा त्यांनीच लक्षात ठेवाव्यात. घाम किंवा जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाल्यास, तसेच आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेतल्यास लिथियमची पातळी वाढू शकते, हे तुमच्याइतकेच त्यांनाही ठाऊक असले पाहिजे. आत्महत्येचे विचार पूर्वी कधी आले असतील, तर घरात किती दिवसांचा साठा ठेवावा हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कामाबाबत माझे मत असे की, महिनोन्‌महिने ‘तयारी’ करण्यापेक्षा दोन-तीन तासांचे खरे, पगारी काम अधिक उपयोगी पडते. एखाद्या ओळखीच्या दुकानाचे हिशेब, स्वारगेटपर्यंत बस आणि तेथून मेट्रोने मंडई असा एकट्याचा प्रवास, एवढी सुरुवात पुरेशी आहे. रात्री जागावे लागेल असे काम, विशेषतः वर्षअखेरीची धावपळ, सध्या टाळावी.

या सगळ्याच्या आधी एक बोलणे उरते. त्या चार लाखांविषयी तुम्ही दोघे एकदाही शांतपणे बोललेला नाहीत, असे तुमच्या पत्रावरून वाटते. ‘मला पैशांची नाही, त्या रात्रींची भीती वाटते’ किंवा जे काही खरे असेल ते त्यांना सांगा. उत्तर न मिळता गेलेल्या महिन्याचा त्यांनी काय अर्थ लावला, हेही विचारा. तुमच्यासाठी धायरी येथील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे कुटुंबीयांच्या स्वमदत गटाची चौकशी करावी. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.