ती नोट गुपचूप गाळू नकोस

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच उडाली. तुझ्यासाठी लिहिलेल्या नव्या पियानो पीसमधला पाचव्या पानावरचा कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे चार सूर, हातात बसत नाही म्हणून तू मधली नोट गाळतेस, वरून आवाज लांबवणारं पेडल धरून ठेवतेस, कंपोजरना काही कळलेलं नाही, आणि मला विचारतेस चालेल ना. नाही चालणार. त्यांना सांग.

मी हेच केलंय म्हणून एवढा चिडलोय. माझ्यासाठी लिहिलेला पहिलाच पीस, वय पंचवीस, असाच एक कॉर्ड होता, माझी वीत पुरेना, आणि आपण कोण त्यांना सांगणारे असं म्हणून मी एक नोट गाळली. कार्यक्रम छान झाला. त्यांना वाटलं याच्या हाताला हे जमतं, मग पुढच्या पीसमध्ये तसेच सात-आठ कॉर्ड घातले आणि तो मला वाजवताच आला नाही. दुसऱ्या पियानिस्टने पहिल्याच बैठकीत सांगितलं, हे बसत नाही. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने बदललं, तेच छापलं गेलं. इतकं सोपं होतं ते! तो स्कोअर अजून माझ्या कपाटात आहे, मी उघडत नाही.

तू लिहितेस 'मी नुसती वाजवणारी'. नुसती? अमेरिकन कंपोजर जॉन केजने १९५१ साली पियानोसाठी 'म्युझिक ऑफ चेंजेस' लिहिलं, नाणी उडवून, आय चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथावरून सूर ठरवत, म्हणजे स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवून, तरी डोळ्यासमोर पियानिस्ट डेव्हिड ट्यूडरच होता, भाग लिहून होतील तसे तो बसवत होता. आणि केजने स्कोअरमध्येच लिहून ठेवलंय की काही ठिकाणी हे लिखाण तर्काला धरून नाही, तिथे वाजवणाऱ्याने स्वतः ठरवावं. तो हे उघड लिहितो आणि तू लपवतेस! सांग त्यांना.

तुमच्या पीसमध्ये पियानोच्या तारांत जे स्क्रू-बोल्ट बसवायचेत त्यांचंही तेच. केजच्याच 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'मध्ये ४५ सुरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर वगैरे बसवायचं असतं, डॅम्परपासून, म्हणजे तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीपासून, किती इंचांवर ते दिलेलं असतं, पण पियानो बदलला की तारेची लांबी बदलते आणि त्याच मापावर आवाज वेगळाच निघतो. तुमच्या कंपोजरनी घरच्या पियानोवर मापं घेतली असणार. हॉलमधल्या पियानोवर तो बोल्ट खडखडतोय हे ऐकणारी आत्ता तू एकटीच आहेस, तू नाही बोललीस तर कोण बोलणार?

लोक मला हट्टी म्हणतात. कंपोजर दोन तास माझ्या शेजारी बसणार नसेल तर मी नवा पीस घेतच नाही, त्यापायी दोन चांगली कामं गेली, एका ठिकाणी तर तोंडावर म्हणाले तुमचे फार नखरे. असू देत. त्यानंतर मी एकही नोट चोरून गाळलेली नाही, आणि ज्यांनी शेजारी बसून ऐकलं त्यांनी पुन्हा माझ्यासाठी लिहिलं.

तुझा हात लहान आहे यात लाज कसली गं, तुझ्यासाठी लिहितायत ना ते, मग तुझा हात त्यांना माहीत नको? बुधवारी ते येतील तेव्हा आधी पेडल न धरता तो कॉर्ड वाजव, चारही नोटा दाबायचा प्रयत्न कर, त्यांना बघू दे कुठे अडतं. आणि येताना माझ्याकडून रबराचे तुकडे घेऊन जा, डबाभर पडलेत.