चर्चची वेबसाइट हाती घेतोयस, तर हे आधी वाच

डिझाइन नंतर बघ. आधी डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या धर्मग्रामाच्या नावावर, पॅरिश ऑफिसच्या ईमेलवरून घे. स्वयंसेवक नोकरीनिमित्त दुबईला जातात, फादरांची काही वर्षांनी बदली होते. पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये राहिला, की साइट तिथेच अडकते.

मग ऑफिसात बसून लोक काय विचारतात ते ऐक. आमच्या वसईत मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळा आणि लग्नासाठी लागणारा बाप्तिस्म्याचा दाखला, एवढंच बहुतेकांना हवं असतं. ते पहिल्या पानावर, मोबाइलवर दिसेल असं ठेव. इतिहासाचं पान सावकाश होऊ दे.

कामाची वाटणी स्पष्ट कर. वेळा फक्त ऑफिसातल्या बाईंनी बदलायच्या, कारण फोनवर उत्तर त्याच देतात. फोटो आणि सणांच्या बातम्या युवा मंडळाकडे. मुलांचे फोटो मात्र पालकांना विचारल्याशिवाय नकोतच, यावर अडून बस. पवित्र आठवड्याच्या (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या) वेळा आधीच मागून घे. त्या दिवसांत कुणालाच उसंत नसते.

पॅरिशच्या वार्तापत्रिकेचा मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर पेस्ट केल्यावर नुसती अगम्य अक्षरं उमटतात. तो युनिकोडमध्ये बदलून घे, आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाल.

देणगीचं बटण मात्र घाईने लावू नकोस. परदेशी नागरिक किंवा संस्थांकडून देणगी घ्यायला एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. फादर आणि हिशेबनीस यांच्याशी बोलूनच तो विषय उघड.