वही आधी, इमारत मागून

सप्रेम आशीर्वाद.

गावात लहानसं संग्रहालय करायचंय हे तुझं पत्र दोनदा वाचलं. मालगुजाराच्या वाड्यातल्या दोन खोल्या, झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांची पोस्टरं, हाताने लिहिलेल्या संहिता, रंगवलेले दोन पडदे, खडीगंमत या आपल्या लोकनाट्यातली ढोलकी, शिवाय वखर, तिफन, पायली आणि एक मोडकी रेंगी (लहान बैलगाडी). एवढं सांगून तू लगेच विचारलंस, अनुदान कुठून मिळेल? हा प्रश्न तिसरा. त्याच्या आधी दोन आहेत: काय काय आहे हे कागदावर आहे का, आणि ते कोणाचं आहे?

आधी नोंदवही. बांधीव वही घे, सुटी पानं नकोत, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक टाक. एका वस्तूला एक ओळ. क्रमांक, आल्याची तारीख, वस्तूचं गावातलं नाव, कोणाकडून, कोणत्या गावाहून, दान की उसनी की विकत, कशाची बनलेली, मापं सेंटिमीटरमध्ये, अवस्था, ठेवायची जागा, फोटोचा क्रमांक. वस्तूचा क्रमांक २०२६.३.२ असा टाकायचा; म्हणजे त्या वर्षातली तिसरी आवक आणि त्या आवकीतली दुसरी वस्तू. चूक झाली तर खोडरबर नको, एक रेघ मारून शेजारी सही कर. दिवसाला पंधरा नोंदी नीट झाल्या तरी खूप. उसन्या वस्तूंची वही मात्र वेगळीच ठेव. ती सरमिसळ पुढे कोणालाही निस्तरता येत नाही.

वस्तूवर मार्करने क्रमांक लिहू नकोस. लाकूड आणि धातूवर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा ॲसिटोनमधला पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर शाईने क्रमांक, त्यावर पुन्हा थर. हे साहित्य मिळेपर्यंत सुती दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधलीस तरी चालेल. कापडाला सुती फीत दोन टाक्यांनी शिवायची. कागदाला मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिल.

आता मालकी. दानपत्र एका पानाचं पुरे: वस्तूचं वर्णन, "कायमची दिली" हे शब्द, देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. वाटणी न झालेल्या घरातली वस्तू असेल तर सगळ्या भावांच्या सह्या घे. थोरला हौसेने देतो आणि धाकटा दोन वर्षांनी मागायला येतो, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. बहिणींच्याही सह्या घे, त्यांचा हक्क आहे. संहितांचं आणखी वेगळं. वही तुझ्याकडे आली म्हणून नाटकाचे हक्क येत नाहीत. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं ते त्याचे किंवा वारसांचे. स्कॅन करून लोकांपुढे ठेवायचं तर लेखी परवानगी हवी.

तीन गोष्टी दारात आल्या तर लगेच हात लावू नकोस. नांगराच्या फाळाला लागलेलं नाण्यांचं गाडगं: १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. शंभर वर्षांहून जुनी दगडी, धातूची किंवा लाकडी मूर्ती: ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदवावी लागते. आणि माडिया आदिवासींच्या नाचातला गव्याच्या शिंगांचा शिरपेच. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मालकी प्रमाणपत्राशिवाय शिंगं ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाशी बोलल्याशिवाय ती खोलीत आणूच नकोस, फोटो आणि मुलाखतीवर भागव.

संस्थेचे कागद आता. १८६० च्या कायद्याखाली संस्था करायला सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात ती धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. बहुतेक संस्था अडतात त्या बदल अर्जावर. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कलम २२ खाली अर्ज द्यायचा असतो. तो दिला जात नाही, आणि पाच वर्षांनी अनुदानाच्या वेळी कळतं की कार्यालयातल्या यादीत अजून दोन मयत माणसं विश्वस्त आहेत. मग बँक खात्याच्या सह्या अडतात आणि सगळंच अडतं. त्याशिवाय पॅन, आयकरातल्या सवलतींच्या दोन नोंदण्या (एक संस्थेच्या उत्पन्नासाठी, एक देणगीदारांसाठी; १९६१ च्या कायद्यातली त्यांची नावं बारा-अ आणि ऐंशी-जी), स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. कंपन्यांकडे त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी जायचं तर सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी, ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. आणि सगळ्यात हळू येणारी गोष्ट म्हणजे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. पैसे देऊनही ते लवकर मिळत नाहीत. म्हणून उलाढाल वीस हजारांची असली तरी पहिल्या वर्षापासून ऑडिट कर.

रोखीची सवय मोड. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराची आयकर सवलत मिळत नाही, एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिलीस तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. कलावंताचं मानधन त्याच्या खात्यातच टाक. रोख दिलंस आणि रक्कम पाच हजारांवर असली तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं.

पहिला पैसा कुठून? माझं मत: नागपूरहून. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून तिथे आहे आणि त्यांची गुरु-शिष्य परंपरा योजना तुझ्या कामाला सरळ बसते. गुरूला महिन्याला ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००. मुदत सहा महिने ते एक वर्ष. गुरूचं नाव राज्याच्या सांस्कृतिक विभागाच्या शिफारशीने जातं, म्हणून मुंबईच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाशी पत्रव्यवहार आधी सुरू कर. खडीगंमत किंवा दंडार या लोकनाट्यांतला म्हातारा शाहीर गावात आहे तोवर हे करून घे. संग्रहालयाला हजेरीपट, रेकॉर्डिंग आणि वर्षभर माणसांची ये-जा मिळते, आणि कोणी विचारलं की दाखवायला काम असतं.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची याच नावाशी मिळतीजुळती रेपर्टरी (कायम चालणारी कलामंडळी) योजना आहे, तिच्यात गुरूला १५,००० आणि शिष्याला वयाप्रमाणे २,००० ते १०,०००. दोन्हींत गल्लत करू नकोस. ती ना-नफा संस्थांना आहे. तिकीट लावून हंगाम करणारी वडशाची (झाडीपट्टी नाटकांच्या मुख्य गावातली) मंडळी तशीच्या तशी तिच्यात बसत नाही. कार्यशाळा, प्रदर्शन, परिसंवाद, नाट्यनिर्मिती यांसाठी मंत्रालयाचंच वेगळं अनुदान आहे, कमाल पाच लाख, अपवाद म्हणून वीस लाखांपर्यंत. वस्तुसंग्रहालयांची मोठी योजनाही आहे, पण तिला सविस्तर प्रकल्प अहवाल आणि स्वतःचा वाटा लागतो. ती आत्ता विसर.

तुझ्या स्वतःसाठीही पाहा. अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांना दोन वर्षं महिना ५,००० ची शिष्यवृत्ती आहे, पंचवीस ते चाळीसला १०,००० ची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती. बंगळूरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींना संशोधनासाठी अनुदान देतं आणि प्रस्ताव मराठीत पाठवता येतो. हे फार लोकांना माहीत नसतं, आणि मोडक्या इंग्रजीत लिहिण्याच्या नादात चांगले प्रस्ताव पांगळे होतात. परदेशी पैसा मात्र विदेशी अंशदान नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही.

अंदाजपत्रक कुठे फसतं ते सांगतो. "भोजन व इतर: ५०,०००" अशी ओळ दिसली की ती कापली जाते. तीन दिवसांची कार्यशाळा, पंचवीस शिबिरार्थी, पाच मार्गदर्शक: तीस माणसं गुणिले तीन, म्हणजे नव्वद माणूस-दिवस, दर २५० रुपये, एकूण २२,५००. असा गुणाकार प्रत्येक ओळीत दाखव. प्रवासात एसटीचं भाडं धर. ध्वनी आणि मंडपाची प्रत्येकी तीन दरपत्रकं जोड. छायाचित्रण आणि ऑडिटची फी लोक हमखास विसरतात, मग ती खिशातून जाते. मंजूर रक्कम एकदम येत नाही. शेवटचा हप्ता हिशेब दिल्यावर येतो, तोवर किराणावाल्याचे आणि मंडपवाल्याचे पैसे कोण भागवणार हे आधी ठरव. केंद्र सरकारचा पैसा आला की वेगळं खातं, वेगळी कीर्द. त्यावरचं व्याज सरकारजमा करायचं असतं, पैसा ठरल्या कामालाच लागल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात द्यायचं असतं. ते अडकलं की पुढचे सगळे अर्ज अडकतात.

तारखा शेतीकडे पाहून लाव. दिवाळी ते होळी मंडळी रात्री प्रयोगात आणि दिवसा झोपेत. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी. होळीनंतर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं शिबिर चालतं, दुपारी पंचेचाळीस अंशांत कोणी बसणार नाही. दुसरी चांगली खिडकी रोवणी आटोपल्यापासून तालमी सुरू होईपर्यंतची. प्रस्तावात हे कारणासकट लिही, वाचणाऱ्याला कळतं की गावातल्या माणसाने लिहिलंय.

कंपन्यांच्या दारी जाताना कायद्याचा आधार ठाऊक असू दे: २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा उल्लेख आहे. आपल्या भागात वेकोलि (कोळसा) आहे, भंडाऱ्याकडे मॉइल (मँगनीज), गडचिरोलीत लोहखाणी. कंपनी आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य देते, म्हणून तुझं गाव खाणीपासून किती किलोमीटर आहे हे पहिल्या परिच्छेदात यावं. पैशाआधी वस्तू माग: लोखंडी रॅक, स्कॅनर, अग्निशामक नळकांडी. त्या लवकर मिळतात आणि त्यांचा हिशेबही सोपा असतो.

प्रशिक्षणाला कधी एकटी जाऊ नकोस, दोघींनी जा. शिकून आलेल्या एकाच माणसाला नोकरी लागली की संस्थेचं शिक्षण त्याच्यासोबत जातं. लखनौची सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा (एनआरएलसी), मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था यांचे अभ्यासक्रम आणि कार्यशाळा होतात. अर्जाआधी राहण्याची सोय आणि भाषा विचार. घरबसल्या करायचं तर इक्रोम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची री-ऑर्ग पद्धत फुकट उपलब्ध आहे. दहा हजारांपर्यंत वस्तू असलेल्या लहान संग्रहालयांचं कोठार कसं लावायचं, एवढंच ती शिकवते. इंग्रजीत आहे, पण कॉलेजातली मुलगी शेजारी बसव आणि एक-एक पान पुढे जा.

पहिल्या तीस नोंदी झाल्या की त्यांचे फोटो पाठव. दुरुस्त्या सांगेन, मग अर्जाकडे वळू.

तुझा हितचिंतक

ता. क. ते दोन रंगवलेले पडदे मृगाआधी सोडव. घडी मोडून टाक, घडीवरच रंग तडकतो. सहा इंची पाइपवर धुतलेला मांजरपाट गुंडाळायचा, त्यावर पडदा रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायचा, वरून पुन्हा मांजरपाट. ओल्या फडक्याने पुसू नकोस, भुकटीचा रंग हातात येईल. आणि भिंतीला टेकवू नकोस. वाळवी भिंतीतूनच येते.