चोवीस मोकळे बार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही डेमो ऐकले. आधी मोबाइलवर, मग रात्री घर निजल्यावर हेडफोन लावून, आणि आज सकाळी पुन्हा एकदा, समोर घड्याळ ठेवून.

तिसऱ्या तुकड्याबद्दल तू विचारलं आहेस, "काका, हे फार होतंय का?" तुझ्या आवाजातलं ते साधं, भावगीताच्या वळणाचं गाणं दोन कडवी चालतं. मग स्वारगेटच्या स्टँडवर टिपलेला गलका सुरू होतो, त्यावर व्हायोलिनचे थर चढत जातात, आणि सगळं एकमेकांवर आदळत वर वर जातं. नाही, फार होत नाहीये. गाण्यानंतर असं काही यावं ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पण तो भाग कुठून निघाला आणि कुठे पोचणार हे तू ठरवलेलं नाहीस, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं. १ मिनिट ५३ सेकंद चालतो तो. तिन्ही वेळा माझं लक्ष जवळपास एकाच जागी सुटलं.

तू "प्रयोग" हा शब्द पत्रात पाच वेळा लिहिला आहेस, म्हणून तुला एका प्रयोगाची हकिगत सांगतो. बीटल्स या इंग्लिश बँडच्या "सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड" या अल्बमचं शेवटचं गाणं, "अ डे इन द लाइफ", तू ऐकलं असशीलच. ते कसं घडलं ते बघ. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा जाहीर कार्यक्रम करून त्यांनी दौरे थांबवले होते. रंगमंचावर वाजवून दाखवता येईल असंच गाणं करायचं, हे बंधन गेलं. चारच वर्षांपूर्वी, ११ फेब्रुवारी १९६३ ला, याच मंडळींनी पहिल्या अल्बमची १० गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली होती. आता एकेका गाण्यावर अनेक आठवडे जाऊ लागले.

जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या ई.एम.आय. स्टुडिओत हे गाणं सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे दोन वेगळे तुकडे होते, एक बँडमधल्या जॉन लेननचा आणि एक पॉल मॅकार्टनीचा. दोन्हींच्या मध्ये काय घालायचं ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी काय केलं? २४ बार, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनमधली मात्रांची २४ घरं, मोकळे सोडले. नुसतंच "पुढे बघू" म्हणून सोडले नाहीत, मोजून सोडले. त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स याला मायक्रोफोनसमोर उभं केलं आणि एक ते चोवीस मोठ्याने मोजायला लावलं. त्याच्या आवाजावर प्रतिध्वनी वाढवत नेला, आणि चोविसावा बार संपला की कळावं म्हणून गजराचं घड्याळ वाजवलं. मॅकार्टनीचा तुकडा झोपेतून उठण्याचा होता, त्यामुळे तो गजर अगदी चपखल बसला आणि गाण्यात राहून गेला. हेडफोन लावून ऐकलंस तर वाद्यांच्या खालून मॅलची मोजणीही ऐकू येते. मला ती ऐकू आली तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

१० फेब्रुवारीला त्या मोकळ्या जागेसाठी ४० वादक आले. मॅकार्टनीला ९० हवे होते, निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी निम्म्याहून कमी बोलावले. लंडनच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांतले, आयुष्यभर एकमेकांशी सूर जुळवून वाजवत आलेले लोक. मार्टिन यांनी प्रत्येकाच्या कागदावर सुरुवातीला त्या वाद्याचा सगळ्यात खालचा सूर लिहिला. शेवटी सगळ्यात वरचा, पण ई मेजर कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गट) बसणारा सूर. मधे वेडीवाकडी चढती रेघ, आणि कोणत्या बारला साधारण कुठवर पोचायचं याच्या खुणा. सूचना दोनच: अगदी हळू सुरू करून शेवटी पूर्ण ताकदीने वाजवा, आणि शेजारच्याचं ऐकू नका, आपापल्या वाटेने वर या. ज्यांना जन्मभर "शेजारच्याचं ऐक" हेच शिकवलं होतं त्यांना हे किती जड गेलं असेल, ते मी स्ट्रिंग्ज सेक्शनमध्ये बसलेला माणूस म्हणून सांगू शकतो. हा चढाव त्यांच्याकडून चार वेळा वाजवून घेतला आणि एकावर एक चढवला. खर्च आला ३६७ पौंड १० शिलिंग, आणि एका गाण्यासाठी तेव्हा ही रक्कम फार मोठी होती. ऐकायला तो भाग जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या आसपास आहे.

आता मला तुला जे सांगायचं आहे ते याच गोष्टीत आहे. पहिला सूर ठरलेला, शेवटचा सूर ठरलेला, लांबी ठरलेली. मोकळं होतं ते फक्त मधलं. म्हणून तो कल्लोळ अंगावर येतो. तुझ्या तुकड्यात मधलं सगळं आहे, पण दोन्ही टोकं नाहीत. शेवटी तू आवाज हळूहळू कमी करत नेला आहेस. तिथे निर्णय घ्यायचा होता, आणि तू तो टाळलास.

मोजणी म्हणजे काय हे मला फार लवकर आणि फार वाईट रीतीने कळलं. माझे व्हायोलिनचे सर गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तकडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, सोल्फेज (सुरांची नावं घेत नोटेशन गाणं) शिकून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आलेले. ते मला व्हायोलिन मांडीवर ठेवून बसवायचे आणि कागदावरचे रिकामे बार मोजायला लावायचे. कधी बत्तीस, कधी अठ्ठेचाळीस. मला ते शिक्षेसारखं वाटायचं. पुढे तेविसाव्या वर्षी एका रेकॉर्डिंगला बसलो. तेव्हा गायक, ताल, साठेक वादक, सगळं एकाच वेळी मुद्रित व्हायचं. आमच्या सेक्शनला सोळा बार विश्रांती होती. मी पंधराव्या बारला गज टेकवला. टेक गेला. गायिकेने त्या टेकमध्ये मुखडा असा काही घेतला होता की काचेपलीकडे बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या होत्या. पुढच्या टेकमध्ये ती जागा तशी आली नाही. कोणी मला रागावलं नाही. वाद्यरचना करणाऱ्या अरेंजरने फक्त पेन्सिल स्टँडवर दोनदा आपटली आणि म्हणाला, "वन्स मोअर." ती हरवलेली जागा मला आजही ऐकू येते.

त्यामुळे लेननच्या तुकड्याइतकाच मला त्या गाण्यातला मॅल इव्हान्स महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक. हे तंत्र बीटल्सनी शोधलेलं नाही, आणि तूही "असं कोणी केलं नाही" या भ्रमात राहू नकोस. मूळच्या जागी जाऊन ऐक. झेनाकिस नावाचा ग्रीक इंजिनिअर पॅरिसमध्ये, आपलं चंदीगड उभं करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत काम करत होता. त्याची "मेटास्टासिस" ही रचना १९५५ मध्ये पहिल्यांदा वाजली. सगळी तंतुवाद्यं एका सुरावरून निघून आपापल्या वेगाने सरकत जातात, आणि त्याने प्रत्येक वादकाची रेघ स्वतंत्र, काटेकोर लिहिली आहे. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीने ५२ तंतुवाद्यांसाठी हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना ऐक, पण रात्री एकटी असताना नको. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९५१ मध्ये नाणी उडवून मिळालेल्या कौलावर पियानोची रचना लिहिली. मॅकार्टनी त्या दिवसांत केज आणि जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन ऐकत होता. स्टॉकहाउझेनचा चेहरा तर अल्बमच्या मुखपृष्ठावर मागच्या रांगेत आहे.

केजच्या नाण्यांसारखाच प्रकार याच अल्बमच्या सर्कशीच्या गाण्यात आहे. जत्रेतल्या वाफेच्या ऑर्गनच्या जुन्या टेप मिळवल्या, त्यांचे कात्रीने तुकडे केले, तुकडे हवेत उडवले, आणि हाताला येतील तसे जोडले. गंमत अशी की काही तुकडे पुन्हा मूळ क्रमानेच जुळले, मग ते मुद्दाम उलटे करून लावले. म्हणजे योगायोगावर सोडलेल्या गोष्टीचाही शेवटचा निवाडा कानाने केला. तुझ्या चौथ्या डेमोत तू संगणकाकडून तुकडे आपोआप उलटेपालटे करून घेतले आहेस आणि जे आलं ते तसंच ठेवलं आहेस. ते पुन्हा ऐक. सातव्या-आठव्या तुकड्यापाशी तुझ्याच कानाला काहीतरी खटकेल. तिथे हात घाल.

याच अल्बममधलं, बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनचं "विदिन यू विदाउट यू" मात्र वेगळं काढून, शांतपणे ऐक. मार्च १९६७ मध्ये लंडनमधले भारतीय वादक दिलरुबा, तबला, स्वरमंडल, तंबोरा घेऊन स्टुडिओत बसले. मधल्या वाद्यांच्या भागात ताल सोळा मात्रांवरून दहा मात्रांवर येतो. तू झपताल शिकली आहेस, बोटांवर धरून बघ. एप्रिलमध्ये मार्टिन यांनी त्यावर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो वाजवून घेतले, आणि खरी कसरत तिथे झाली. गजाने वाजणारा दिलरुबा मींड घेत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक मात्र सुरावर नेमकं बोट ठेवायला शिकलेला असतो, दोन सुरांमधली वाट त्याच्या कागदावर नसते. मार्टिन यांना ती वाट लिहून काढावी लागली, आणि वादकांना दिलरुब्याच्या मागे मागे जावं लागलं. आपल्याकडे मुंबईत आम्ही हे रोज करत होतो, सकाळी नोटेशन आणि दुपारी मींड. तुझ्या हातात दोन्ही आहेत, हे तुझं मोठं धन आहे, आणि तुझ्या चारही डेमोंत मींड एकदाही नाही! व्हायोलिन वर चढताना सगळीकडे सरळ रेघेत घासत जातं. त्या चढावात मारव्याची एखादी मींड अडकून पडली तर काय होईल, ते करून बघ.

त्या गाण्यातल्या भारतीय वादकांची नावं मुखपृष्ठावर छापली गेली नाहीत. त्याआधीच्या वर्षीच्या "रिव्हॉल्व्हर" या बीटल्सच्याच अल्बमवर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव आहे. ते आडनाव त्या वेष्टनावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. मी चाळीस वर्षं वाजवलं आणि माझं नाव किती ठिकाणी आलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. मला त्याची खंत आहे, हे तुला सरळ सांगतो. तुझ्या अल्बमवर वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिही. स्टँडवर गलका टिपताना माइक धरून उभा राहिलेल्या मित्राचंही.

आता काम. तिसरा तुकडा पुन्हा कर. तुझं गाणं दादऱ्यात आहे. मोकळा भाग सोळा आवर्तनांचा ठेव, तुझ्या लयीत तो पाऊण मिनिटात संपेल. निघायचा सूर गाण्याच्या शेवटच्या ओळीतून घे. पोचायचा सूर आजच्या आज ठरव आणि कागदावर लिही, मग बाकीचं. संगणकातल्या एकाच व्हायोलिनच्या बारा प्रती काढून टाक. त्या बाराही एकाच घसरणीने चढतात, म्हणून तो थर जाड होतो पण जिवंत होत नाही. माझ्याकडे शिकणारी दोन मुलं आहेत. दोघांकडून सहा-सहा वेळा वाजवून घेऊ. आधीचा टेक त्यांना ऐकवायचा नाही, कानात फक्त मोजणी. लंडनच्या चाळीस जणांना शेजाऱ्याचं ऐकू नका म्हणून सांगावं लागलं, आपल्याकडे हेडफोन ते काम करेल.

आणि शेवटचा सूर आला की लगेच थांबू नकोस. "अ डे इन द लाइफ"च्या शेवटी लेनन, मॅकार्टनी, ड्रमर रिंगो स्टार आणि मॅल इव्हान्स या चौघांनी तीन पियानोंवर एकच ई मेजर कॉर्ड एकदम दाबला, आणि जसजसा तो विरत गेला तसतसा जेफ एमरिक या एकवीस वर्षांच्या ध्वनिमुद्रकाने माइकचा आवाज वाढवत नेला. चाळीसेक सेकंद तो सूर हटत नाही. शेवटी शेवटी खुर्ची करकरल्याचंही ऐकू येतं. सूर धरून ठेवायला तुला पियानोच हवा असं नाही. आजीची पेटी आहे ना तुझ्याकडे? भाता संपेपर्यंत धर, आणि माइक अगदी जवळ ठेव, म्हणजे भात्याचा श्वासही येईल.

रविवारी सकाळी दहाला ये. पेटी घेऊन ये, आणि गाण्याची लय नेमकी किती आहे ते लिहून आण. माझी बोटं आता गजावर स्थिर राहत नाहीत, पण मोजायला मी बसेन. एक ते सोळा.

तुझा,
काका