पार्किंगमधली पंधरा मिनिटं

*ताई, मी बत्तीस वर्षांची आहे. माहेर सांगलीचं, लग्नाला पाच वर्षं झाली. चिंचवडला सासू-सासरे, नवरा, दीर-जाऊ आणि छोटी पुतणी असे आम्ही एकत्र राहतो. माणसं चांगली आहेत, जाच कसलाच नाही. पण मला लहानपणापासून एकटं बसायला आवडतं आणि घरात ते जमतच नाही. म्हणून ऑफिसातून आल्यावर मी पार्किंगमध्ये स्कूटरवरच पंधरा-वीस मिनिटं बसते. हेल्मेट काढत नाही, म्हणजे कोणी बोलायला थांबत नाही. वर जाऊन सांगते, ट्रॅफिक होतं. मागच्या आठवड्यात सासूबाई कढीपत्ता आणायला खाली आल्या आणि त्यांनी मला पाहिलं. काही न बोलता वर गेल्या. रात्री नवऱ्यानं विचारलं, “आमची माणसं तुला नकोशी झालीत का?” जाऊ तर मला शिष्टच म्हणते. आता पुढच्या महिन्यात वाईजवळच्या गावी गौरी-गणपती. वीस-पंचवीस माणसं, पाच दिवस. आत्तापासून पोटात गोळा येतोय. माझ्यात काही बिघाड आहे का? – अ., चिंचवड*

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला झोपू देत नसणार. बिघाड नाही. काही माणसांना चार जणांत बसलं की तरतरी येते, काहींना त्याच चार जणांतून उठून आल्यावर. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ सालच्या पुस्तकात या दोन स्वभावांची बहिर्मुख आणि अंतर्मुख अशी मांडणी केली. दोन्ही कल प्रत्येकात असतात, एकाचं पारडं जड असतं, असं त्यांचं म्हणणं. यातला एकही आजार नाही. तुझं पारडं कुठं आहे ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तरी एक गोष्ट तपासून बघ. पार्किंगमधून वर जाताना तुला हलकं वाटतं का? पुतणी पायाला येऊन बिलगली की बरं वाटतं का? वाटत असेल तर तो एकांत आहे, तो तुला मानवतो. पण बसूनही जड वाटत असेल, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे रोजच्या रोज दोन आठवड्यांवर चाललं असेल, तर ते निराळं. मग स्वभाव म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना भेट. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट मिळते आणि मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. तू थकलेली आहेस आणि लपून लपून जास्त थकली आहेस.

आता जावेच्या त्या शब्दाबद्दल. घरातला पुरुष गच्चीवर तासभर एकटा बसला तर आपण म्हणतो, शांत आहे, विचारी आहे. बाई बसली की ती शिष्ट, घुमी, माणूसघाणी, नाहीतर मग ‘हिचं काहीतरी बिनसलंय’. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे आणि जिजाई उन्हातान्हाची भाकरी घेऊन डोंगर चढायची, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तुकोबांचा एकांत आपल्याला पवित्र वाटतो आणि तो वाटावाच. पण जिजाई कधी एकटी बसली असेल का, हे मला कोणी सांगितलं नाही. तिनं डोंगरावर जाऊन बसायचं ठरवलं असतं तर भाकरी घेऊन कोण गेलं असतं?

जुन्या घरांत बाईला खोली नव्हती, पण एकटीनं करायची कामं होती. माझी आत्या आठ-दहा माणसांच्या घरात राहिली. दुपारी सगळे लवंडले की ती माजघराच्या उंबऱ्याशी कापसाची पिशवी घेऊन बसायची. सरकी काढायची, कापूस पिंजायची, बोटाला राख लावून वात वळायची. शंभर झाल्या की जुडी बांधायची. तिच्याशी तेव्हा कोणी बोलत नसे. वाती मोजताना बोललं तर मोजणी चुकते, हे घरातल्या पोरांनाही माहीत होतं. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, “एवढ्या वाती कशाला गं? देवापुढं तर दिवसाला दोनच लागतात.” ती म्हणाली, “वाती देवाला आणि दुपार मला.”

पहाटेचं जातं तसंच, चातुर्मासात मौन धरून जेवायचा नेम तसाच. एवढंच काय, ‘बाजूला बसायचे’ ते चार दिवस. तो विटाळ अन्यायच होता, मी त्याची भलामण करणार नाही. पण ‘तेवढीच काय ती पाठ टेकायला मिळायची’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या मी स्वतः ऐकल्या आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. एकटं बसायला बाईला आधी अस्पर्श व्हावं लागावं!

आता जातं गेलं, वाती दुकानात पाकिटात मिळतात. कष्ट गेले ते बरंच झालं, पण त्यांच्या आडोशाला मिळणारा एकांतही गेला. तू त्या आडोशाच्या जागी हेल्मेट घातलंस. म्हणून मला तुझा राग येत नाही आणि तूही स्वतःवर रागावू नकोस. मात्र ‘ट्रॅफिक होतं’ हे आता बंद कर.

कारण तुझ्या सासूबाईंना काय दिसलं ते बघ. सून आली आहे, स्कूटर बंद आहे आणि ती वर येत नाही. साडेसहाला त्या तुझा चहा टाकत असतील, पावणेसातला झाकण ठेवत असतील, सातला पुन्हा गरम करत असतील. इतके दिवस त्या ट्रॅफिकला बोल लावत होत्या. कढीपत्त्याच्या दोन काड्या हातात घेऊन त्या जिना चढल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच आलं असणार, की हिला आपलं घर नको आहे. त्या बोलल्या नाहीत. मुलाजवळ बोलल्या आणि तो तुझ्याजवळ. तिघांच्याही मनाला लागलंय आणि खरं कारण अजून कोणालाच माहीत नाही. तुझं बसणं त्यांना खुपलं नसेल, लपवणं खुपलं.

नवऱ्याला आधी सांग, आणि भांडण चालू असताना नको. रविवारी दोघं भाजी आणायला जाल तेव्हा सांग. ‘मला स्पेस हवी’ असं म्हणू नकोस, तो शब्द ऐकला की नवऱ्यांना घटस्फोट ऐकू येतो. साध्या शब्दांत सांग: “मी दिवसभर माणसांत असते. घरी आल्यावर पंधरा मिनिटं गप्प बसले की मला सगळ्यांशी नीट बोलता येतं. नाही बसले तर मी चिडचिड करते. लग्नाआधीही मी अशीच होते. तुझ्या माणसांचा यात काही संबंध नाही.” आणि त्यानं हे आईला परस्पर सांगू नये, हेही सांग. ते तूच सांगायचंस.

सासूबाईंपाशी जाशील तेव्हा सुरुवात माफीनं कर. एकटं बसल्याची माफी नको, खोटं बोलल्याची माग. “आई, मी तुम्हाला ट्रॅफिक सांगत होते, ते खरं नव्हतं.” मग कारण सांग. पहिल्या दिवशी त्यांना पटेलच असं नाही. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” म्हणतील कदाचित. तेव्हा वाद घालू नकोस, त्यांना विचार, की त्यांच्या वेळी त्या दुपारी काय करायच्या. मला खात्री आहे, त्यांचीही एखादी जागा निघेल. मोरी, गच्ची, देवघर, कुठलीतरी.

आणि चहा साडेसहाऐवजी सातला टाकायला सांग. ही छोटी गोष्ट वाटेल, पण त्यांच्यासाठी ती मोठी आहे. तू कधी येणार हे कळलं की वाट पाहण्याचा त्रास होत नाही.

जावेला लगेच काही समजावू नकोस. तिच्याकडून शिष्ट हा शब्द एका दिवसात जायचा नाही. फक्त एवढं बघ, की तू खाली बसतेस तेव्हा वर पोळ्या कोण लाटतं. ती लाटत असेल तर तिच्या रागात तथ्य आहे. सकाळचे डबे तू घे, ओट्याची शेवटची आवराआवर तू घे. तुझ्या एकांताचा भार दुसऱ्या बाईवर पडता कामा नये, याबाबत मी तुझी बाजू घेणार नाही.

आता गावच्या गौरी. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात, म्हणजे मुख्य गर्दी तीन दिवसांची. पाचही दिवस सगळ्यांत मिसळायचं असं मनाशी धरून गेलीस तर दुसऱ्याच दिवशी तुझं तोंड उतरेल आणि पंचवीस माणसं ‘काय झालं, काय झालं’ करत मागं लागतील. त्यापेक्षा जायच्या आधीच कामं मागून घे, तीही एकटीनं करायची. गौरींना साड्या नेसवणं माग. निऱ्या बसवायला, पदर काढायला, मुखवटा नीट बसतोय का ते पाहायला दोन तास सहज जातात आणि त्या खोलीत फारसं कोणी येत नाही. दूर्वा-आघाडा निवडणं माग, पत्री धुणं माग. पहाटे सगळ्यांच्या आधी उठत असशील तर मागच्या अंगणातला तो तास तुझाच. हळदीकुंकवाला दारात उभं राहायचं काम जावेला दे. तिला ते आवडत असेल आणि छान जमत असेल, तर तसं तिला मोकळेपणी सांगही.

आणि एक ठिकाण असं निवड, जिथं तू पूर्ण असशील. जागरणाच्या रात्री झिम्मा-फुगडीला तासभर बसशील तर मनापासून बस, घड्याळाकडे बघू नकोस. पुतणीबरोबर दोन फुगड्या घाल. मग उठताना सगळ्यांदेखत सांग, “मी आता झोपते.” डोकं दुखतंय म्हणू नकोस. खोट्या डोकेदुखीवर कोणीतरी बाम घेऊन येतं आणि मग तू पुन्हा अडकतेस.

उद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये बसशील तेव्हा हेल्मेट काढून बस. उकडतं त्यात. कोणी थांबलंच तर म्हण, “पाच मिनिटं बसतेय, मग वर जाते.” गौरी जेवल्या की मला पत्र टाक. सासूबाईंची जागा कुठली निघाली, तेही कळव.