पक्ष्याला धागा होता

सोलापूर,
रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून मी फार बोललो नाही. तसंही फोनवर मला धड सुचत नाही. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोललेला माणूस मी, हातात खडू नसला की वाक्य अडतं. म्हणून हे पत्र.

हिप्परगा तलावातून वर येणाऱ्या जनावराची तुझी छोटी फिल्म आता शूटिंगपर्यंत आली आहे, आणि मित्र म्हणतात की ती सरळ विनोदीच कर. जनावर मुद्दाम फालतू दाखव, म्हणजे लोक हसले तरी आपणच हसवलं असं म्हणता येतं. तू विचारलंस, "सर, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटतं, असं करू नकोस. का, ते सांगायला मात्र मला बरंच मागे जावं लागेल. चहा घेऊन बस.

१९७२ चा दुष्काळ. घरात रेशनच्या मिलोच्या लाल भाकरी. ती भाकरी ताटात बघूनच पोट भरायचं, म्हणजे भूक मरायची. आमचे अण्णा गिरणीत मागावर होते. सुटीच्या दिवशी कधीतरी मला मॉर्निंग शोला न्यायचे. इंग्रजी सिनेमे सकाळीच लागायचे, दुपारपासून पडदा हिंदी-मराठीचा, नाहीतर तेलुगूचा. सिनेमांची नावं आम्हाला ठाऊक नसायची आणि लागायचीही नाहीत. 'माकडाचा', 'मुंग्यांचा', 'घोरपडीचा', 'पक्ष्याचा' एवढ्यावर भागायचं. आई खिशात भाजलेल्या शेंगा भरून द्यायची. टरफलं खुर्चीखाली टाकायची, आणि खाली आधीच एवढी पडलेली असायची की मध्येच कोणी उठून गेलं तर करकर आवाज व्हायचा. खुर्चीत ढेकूण होते, त्याबद्दल तक्रार करण्याची पद्धत नव्हती.

इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. पण पुढच्या रांगेत एक जण हमखास असायचा जो कळतंय असं दाखवून मोठ्यानं अर्थ सांगायचा. "तो म्हणतोय, मिलिटरी बोलवा." पुढच्या क्षणी पडद्यावर ते दोघं लग्न करायचे. राक्षस दिसला की सगळं थेटर एकदम आपापल्या भाषेत ओरडायचं, डावीकडून "पळ, पळ", मधून "पारिपो, पारिपो", उजवीकडून "ओडो, ओडो". पडद्यावरच्या अमेरिकन माणसाला मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांतून सल्ला देणारं गाव दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही.

एकदा ऑपरेटरनं रिळं मागेपुढे लावली. घोरपड समुद्रात मेली, मग पुन्हा जिवंत होऊन शहर तुडवायला लागली. कोणी शिट्टी मारली नाही. सगळ्यांनी समजून घेतलं की ही दुसरी घोरपड, पहिलीची बायको, सूड घ्यायला आलीय. खरं सांगतो, मूळ गोष्टीपेक्षा ती चांगली होती.

आता पक्ष्याचा सिनेमा. पुढे मोठा झाल्यावर त्याचं नाव कळलं, 'द जायंट क्लॉ', १९५७ चा. अवकाशातून आलेला अवाढव्य पक्षी, विमानं खातो. तू शोधून बघ. बघितलंस तर पहिल्यांदा हसशील, कारण तो पक्षी म्हणजे गिधाडाची मान, बटबटीत डोळे आणि डोक्यावर केसांचा एक झुबका, एकूण पिसं काढायची अर्धी राहिलेली कोंबडी. मी मात्र तोंड उघडं टाकून बघत होतो. तेवढ्यात अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"धागा हाय बघ पक्ष्याला."

मला दिसेना.

"पंखाच्या वर बघ की. बारीक हाय, पण हाय."

दिसला. केसासारखा. मागावर उभ्या असलेल्या माणसाचं सगळं लक्ष कशावर असतं, तर तुटलेल्या धाग्यावर. ताण्यात शेकडो धागे असतात, त्यातला एक तुटला आणि वेळेत दिसला नाही की कापडात फट पडते आणि पगारातून पैसे कापतात. त्या डोळ्यांपुढे हॉलीवूडच्या धाग्याचं काय चालणार? मी मनात म्हणालो, संपलं, आता मजा गेली.

मग पक्ष्यानं विमानावर झेप घेतली. अण्णा वाकले. नुसते वाकले नाहीत, माझ्या डोक्यावर तळहात ठेवून मलाही खाली दाबलं. माझं नाक पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटलं. रेक्झिनचा आणि तेलकट डोक्यांचा तो वास अजून आठवतो.

घरी येताना मी विचारलं, "अण्णा, धागा दिसत होता ना? मग वाकलात कशाला?"

ते थोडं चालले. मग म्हणाले, "इमानातला माणूस वाकला की. त्याला कुठं धागा दिसत होता?"

पोरी, मला जे सांगायचंय ते एवढंच, आणि ते अण्णांनी सांगून झालंय. तरी मास्तर आहे, स्पष्टीकरण लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

त्या विमानातल्या माणसाचं काम करणारा नट जेफ मॉरो. शूटिंगच्या वेळी त्यानं तो पक्षी पाहिलेलाच नव्हता. निर्मात्यानं पैसे वाचवायला पक्षी मेक्सिकोत स्वस्तात करून घेतला, आणि नटांनी रिकाम्या हवेकडे बघून घाबरायचं काम केलं, जसं तुमच्याकडे हिरव्या कापडाकडे बघून करतात. सिनेमा लागला तेव्हा मॉरो आपल्या गावच्या थेटरात बसला होता. पक्षी आला आणि लोक हसायला लागले. कोणी ओळखू नये म्हणून तो सिनेमा संपायच्या आत निघून गेला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. सोलापुरात एक मागवाला त्याच्यावर विश्वास ठेवून खाली वाकला होता, हे त्याला कोणी कळवायला हवं होतं.

तो सिनेमा चांगला आहे असं मी म्हणत नाही. वाईटच आहे. पण त्यातला माणूस प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. 'हे सगळं खोटं आहे, मलाही माहीत आहे, तुलाही' असं तो म्हणत नाही. तुझे मित्र सांगतायत ते नेमकं हेच, की डोळा मार. त्यात सोय आहे, हे मला दिसतं. आधीच हसून घेतलं की कोणी आपल्याला हसू शकत नाही. पण मग आपण कशाला वाकायचं?

घोरपडीचंच घे. मूळ जपानी 'गोजिरा', म्हणजे इंग्रजीतला गॉडझिला, ३ नोव्हेंबर १९५४ ला आला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला वायरलेसवाला सप्टेंबरात गेला. सिनेमाची सुरुवात बोट जळण्यापासून होते. तिथल्या प्रेक्षकाला ती कुठली बोट हे सांगावं लागलं नसणार. मला दहाव्या वर्षी यातलं काही ठाऊक नव्हतं. मला तो आवाज तेवढा आठवतो. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून तो काढला होता. पडद्यावर तो पहिल्यांदा घुमला तेव्हा शेजारचा एक जण झोपेतून दचकून म्हणाला, "भोंगा झाला का बे?"

आणि त्या रबरी कातड्याच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस. पहिला सूट साधारण १०० किलोचा. हा गडी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी पाऊल टाकतात ते बघत बसायचा. रबराच्या पिशवीत शिरून खेळण्यातली घरं तुडवायची, त्यासाठी हत्तीचं पाऊल बघायला जायचं! १९७२ पर्यंत त्यानं हेच काम केलं.

आता थोडं कामाचं, वही काढ. तुझं जनावर हलकं दिसतं अशी तुझी तक्रार होती. ते कागदाचं आहे म्हणून नाही, घाईत आहे म्हणून. नववीतलं पडणाऱ्या वस्तूचं सूत्र आठव. अंतर २५ पट झालं की पडायला वेळ ५ पट लागतो, कारण वेळ वर्गमुळात वाढतो. गोजिरा गोष्टीत ५० मीटर उंच, सूट घातलेला माणूस दोन मीटरच्या आसपास, म्हणजे प्रमाण २५ ला १. मग कोसळणारी भिंत खरीखुरी मोठी वाटायला सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं घ्यायची आणि २४ च्या चालीनं दाखवायची. गोजिराचे ट्रिक-सीन करणारे एइजी त्सुबुराया यांचा कॅमेरा याच कारणासाठी जोरात पळायचा. जोरात पळवायचा तर उजेड जास्त लागतो, दिवे वाढतात, आत नाकाजिमा घामानं निथळतो. तुझ्या मोबाइलमध्ये १२० चा स्लो मोशन आहेच. दिव्याचा प्रश्न नाही, सोलापूरचं ऊन आहे.

पाण्याला मात्र हे गणित पुरत नाही. थेंब लहान करता येत नाही. टपात जनावर बुडवून वर काढलंस तर थेंब जनावराच्या डोक्याएवढे दिसतील आणि टप ओळखू येईल. म्हणून तलावातून बाहेर पडताना ते दाखवूच नकोस. काठावर पाणी पिणाऱ्या म्हशी दाखव. सगळ्या एकदम माना वर करतात, एवढंच. मग पाणी मागे सरल्यावर उघडा पडलेला चिखल.

संवाद मी वाचले. काठावरचा चहावाला "अरे देवा, हे काय आहे?" असं म्हणतो. पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली तर एवढं? तो म्हणेल, "काय बे त्ये?" आणि नंतर काहीच म्हणणार नाही. स्टोव्ह बंद करेल. घाबरलेला माणूस आधी आपली वस्तू सांभाळतो.

तू स्टुडिओतल्या कामाबद्दल बोललीस, की दिवसभर एकेका चित्रातून तारा पुसायच्या, आणि काम नीट झालं तर कोणाला कळतच नाही की तू काही केलंस. हे कंटाळवाणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आपल्याकडे बाबूभाई मिस्त्री होऊन गेले. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्यानं वस्तू हवेत नाचवल्या, आणि लोक त्यांना 'काला धागा'च म्हणू लागले. तू धागा पुसून पगार घेतेस, ते धागा लपवून नावारूपाला आले, आणि माझ्या बापाचं घर धागा शोधण्यावर चाललं. एकाच खात्यातली माणसं आहोत आपण.

आणखी एक राहिलंय. नववीत मी फळ्यावर मुंगी काढली होती, आठवतंय? एक सेंटिमीटरची मुंगी तीन मीटरची केली, म्हणजे ३०० पट. पायाचा छेद ९०,००० पट वाढला, वजन २ कोटी ७० लाख पट. पायाच्या तेवढ्याच जागेवर भार ३०० पट, म्हणजे उभी राहायच्या आत पाय मोडले. गॅलिलिओनं १६३८ साली हाडांबद्दल हेच लिहून ठेवलंय. वर्ग खूश झाला, सिनेमावाले मूर्ख ठरले. तू मागच्या बाकावरून विचारलंस, "सर, पण तुम्ही तेव्हा घाबरला होतात का?" मी म्हणालो, पुढचं उदाहरण घ्या.

घाबरलो होतो. मुंग्यांचा सिनेमा बघून आलो त्या रात्री ज्वारीच्या कणगीमागे काहीतरी खसखसलं, म्हणून मी अण्णांच्या अंथरुणात शिरलो. त्यांनी उठून कंदील घेतला, कणगीच्या मागे वाकून बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "नाय. अजून मोठी झाली नाय." तेव्हा झोप लागली.

पुढच्या शनिवारी ये. रविवारी पहाटे हिप्परग्याला जाऊ. म्हशीवाल्याशी मी बोलून ठेवलंय, त्याला तुझी गोष्ट सांगितली. पैशांचं त्यानं काही विचारलं नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, जनावर कुठल्या बाजूनं येणार? म्हंजे म्हशी दुसऱ्या बाजूला बांधतो."

तुझे,
सर