फाँट ओळखताना ल-श वर थांबू नका

चित्रातला देवनागरी फाँट ओळखायचा म्हटलं की नजर आधी ल आणि श वर जाते. पण हा पुरावा कच्चा आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात: मजकुराची भाषा मराठी लावली की दोन वाट्यांचा मराठी ल येतो, नाहीतर उजवीकडे दंड (उभी रेघ) असलेला हिंदी ल. फाँट तोच! नेपाळी लावली तर झ, ५, ८ सुद्धा बदलतात.

म्हणून आधी वेलांटी बघा, मला तीच सर्वात भरवशाची वाटते. चित्र मोठं करून 'रि', 'कि' आणि 'स्त्रि' शेजारी ठेवा. काळजीपूर्वक घडवलेल्या फाँटमध्ये वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीनुसार लांब-आखूड होते आणि तिचं टोक नेमकं दंडावर टेकतं. काही फाँटमध्ये सगळीकडे एकच कमान असते, मग ती कुठे अलीकडेच संपते, कुठे पुढे जाते. हा फरक सहज लपत नाही.

त्यानंतर र ची शेपटी, व ची पोकळी, दंडाचं खालचं टोक सरळ कापलंय की तिरकं. अंकांत ९ ची गाठ जरूर पाहा. शिरोरेषेची जाडी मात्र शेवटी, कारण फाँटचं वजन (ठळक, बारीक वगैरे) बदललं की तीही बदलते.